पावसाळ्याआधीची फ्लूची लस: घरातल्या कोणाला कोणती?

एप्रिल अर्धा सरला की लसीकरण केंद्रातल्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो: "घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस घ्यायची आहे, चांगली कंपनी कोणती?" आम्ही कंपनीचं नाव सांगत नाही, आधी उलट प्रश्न विचारतो. प्रत्येकाचं वय काय? कोणी गरोदर आहे का? प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं कोणाला चालू आहेत का? फ्लूची लस याआधी कधी घेतली होती? आणि एखाद्या लसीनंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडण्यापर्यंत वेळ आली होती का? एवढं कळलं की बहुतेक निवड फोनवरच होऊन जाते. एका कंपनीऐवजी दुसरीची घेतली म्हणून फारसं बिघडत नाही. जुन्या हंगामाची लस दिली, नाकातली लस नको त्या माणसाला दिली किंवा लहान मुलाचा दुसरा डोस राहून गेला, तर मात्र बिघडतं. पुण्यात आमच्या टेबलावर ही निवड कशी होते, ते क्रमाने सांगतो.

माणूस खुर्चीत बसण्याआधी लसीचा खोका तपासायचा. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसीत कोणते विषाणू असावेत हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा जाहीर करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर किंवा आतल्या पत्रकावर '२०२५ एसएच' किंवा '२०२५-२६ एनएच' असा हंगाम दिलेला असतो. एसएच म्हणजे दक्षिण, एनएच म्हणजे उत्तर. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात असलो तरी महाराष्ट्रात आणि गोव्यात फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते, साधारण जून ते सप्टेंबर. दुसरी, सहसा छोटी लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये बाजारात नव्याने आलेली दक्षिण गोलार्धाची लस आपल्या उपयोगाची. श्रीनगरचं गणित वेगळं आहे. तिथे फ्लू हिवाळ्यात वाढतो, त्यामुळे तिथल्या लोकांनी ऑक्टोबरच्या सुमारास उत्तर गोलार्धाची लस घ्यावी.

फसगत बहुधा इथेच होते. मे महिन्यात एखाद्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये मागच्या हिवाळ्याची लस शिल्लक असते, मुदत संपलेली नसते आणि ती थोडी स्वस्तातही मिळते. पण मुदत शिल्लक असणं वेगळं आणि लस ताजी असणं वेगळं. २०२५ च्या मे महिन्यात हा फरक सरळ दिसत होता. अंड्यात वाढवलेल्या विषाणूंपासून बनलेल्या २०२४-२५ च्या उत्तर गोलार्धाच्या लसीत एच३एन२ चा (हा फ्लूच्या ए प्रकारातला एक विषाणू) घटक थायलंडमध्ये २०२२ साली सापडलेल्या विषाणूचा होता, तर २०२५ च्या दक्षिण गोलार्धाच्या लसीत तो क्रोएशियातल्या २०२३ च्या विषाणूचा होता. हे वाचायला सोपं आहे. 'बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१' या नावात आधी विषाणूचा प्रकार, मग तो सापडला ते ठिकाण, मग प्रयोगशाळेचा क्रमांक आणि शेवटी वर्ष. टोचून घेणाऱ्याने खोका मागून ही ओळ वाचली तर आम्हाला आनंदच होतो.

पुण्यात आणखी एक मागणी हमखास येते: "फ्लूची नको, स्वाइन फ्लूची द्या." त्यामागचं कारण आम्ही जाणतो. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये याच शहरात झाला होता आणि ती भीती अजून गेलेली नाही. पण २००९ चा तो एच१एन१ विषाणू तेव्हापासून नेहमीच्या हंगामी फ्लूमध्येच सामील झाला आहे, आणि दरवर्षीच्या प्रत्येक फ्लू लसीत त्याचा घटक असतो. वेगळी लस शोधत फिरू नये.

मग प्रश्न येतो तीनवाली की चारवाली. तीन घटकांच्या लसीत ए प्रकारचे दोन विषाणू, एच१एन१ आणि एच३एन२, आणि बी प्रकारच्या व्हिक्टोरिया शाखेचा एक असतो. चारवालीत बी ची यामागाता शाखाही असते. काही वर्षांपूर्वी आम्हीच चारवाली घ्या म्हणून सांगायचो आणि तेव्हा ते बरोबर होतं. मात्र मार्च २०२० नंतर यामागाता शाखेचा फैलाव जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा चौथा घटक आता लागत नाही असं सांगितलं, आणि २०२४-२५ च्या हंगामापासून अमेरिकेत सगळी फ्लूची लस तीन घटकांची झाली. चारवाली मिळाली तर खुशाल घ्यावी, तिने अपाय होत नाही. तीनवाली मिळाली तर कमी दर्जाची मिळाली असं वाटून परत फिरू नये. 'चारवाली येईपर्यंत थांबतो' म्हणणाऱ्यांचा जून असाच निघून जातो.

निवडीचा सगळ्यात नाजूक भाग लहान मुलांचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची कोणतीच लस देत नाहीत. सहा महिने पूर्ण झाल्यावर इंजेक्शनची, म्हणजे निष्क्रिय विषाणूची लस देता येते, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती दरवर्षी द्यायला सांगते. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच ही लस घेत असेल तर त्याला किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. अशा मुलाच्या शरीराची या विषाणूशी पुरेशी ओळख झालेली नसते. पहिला डोस ती ओळख करून देतो, खरं संरक्षण दुसऱ्यानंतर उभं राहतं. त्यानंतर दरवर्षी एक डोस पुरतो. आता कॅलेंडर उघडा. दुसऱ्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मृगाआधी बाळ तयार हवं असेल तर पहिला डोस एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत पडायला हवा. मेअखेरीस सुरुवात झाली तर दुसरा डोस भर पावसात येतो. तरी तो द्यायचाच. चार आठवड्यांऐवजी सात झाले म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

बाळाच्या मात्रेत चुका होतात. काही कंपन्यांची लस तीन वर्षांखालच्या मुलांना ०.२५ मिलि. द्यायची असते, काहींची सहा महिन्यांपासूनच पूर्ण ०.५ मिलि. हे ज्या त्या पत्रकावरून ठरतं, अंदाजाने नाही. '०.५ मिलि. ची सिरिंज आहे, अर्धी धाकट्याला, अर्धी थोरल्याला' ही विनंती आम्ही कधीच मान्य करत नाही, कारण एक सिरिंज एकाच माणसासाठी असते. ०.५ मिलि. हवे असताना चुकून ०.२५ गेले आणि मूल अजून केंद्रातच असेल, तर उरलेले ०.२५ तेव्हाच देतात. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर पूर्ण ०.५ मिलि. चा डोस द्यावा लागतो.

कार्ड वाचतानाही एक घोटाळा होतो. बाळाच्या कार्डावर 'हिब' किंवा 'एच. इन्फ्लुएंझा बी' असं लिहिलेलं असतं आणि आई-बाबा म्हणतात, फ्लूची झाली आहे. हिब हा जीवाणू आहे. ती लस मेंदूज्वर आणि न्यूमोनियाच्या एका कारणाविरुद्धची आहे, फ्लूशी तिचा संबंध नाही. न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाच्या आणखी एका जीवाणूविरुद्धची लसही वेगळी. तिन्ही नोंदी वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.

सुई नको म्हणून नाकातल्या लसीची चौकशी बरीच होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये एच१एन१ साठी नाकातून द्यायची नेझोव्हॅक आणली, तेव्हापासून हा प्रकार इथल्या लोकांना माहीत आहे. हिच्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. सुई टळते ही मुलांसाठी मोठी सोय, पण हिची चाळणी बारीक आहे. दोन वर्षांखाली देत नाहीत. गरोदर बाईला, प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला, ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाला देत नाहीत. दोन ते चार वर्षांच्या ज्या मुलाला दमा आहे किंवा गेल्या वर्षभरात घरघर होऊन नेब्युलायझर लागला आहे, त्यालाही नको. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध चालू असेल किंवा गेल्या दोन दिवसांत घेतलं असेल तर ते लसीतल्या विषाणूला वाढूच देत नाही, मग लस लागू पडत नाही. नाक चोंदलेलं असेल तर लस आत पोहोचत नाही, अशा मुलाला थांबवण्यापेक्षा इंजेक्शन द्यावं. घरात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल तर आम्ही घरच्या सगळ्यांना इंजेक्शनच देतो. भुकटी आणि पाणी मिसळून तयार करायच्या नाकातल्या लसीत एक धोका कर्मचाऱ्यांकडून असतो: सिरिंज दिसली की सवयीने सुई लावली जाते. म्हणून ती लस आम्ही वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि त्या ट्रेमध्ये सुई ठेवतच नाही.

ॲस्पिरिनचा मुद्दा कावासाकी आजार (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार, त्यात ॲस्पिरिन देतात) झालेल्या मुलांच्या पालकांसाठी विशेष महत्त्वाचा. ॲस्पिरिन चालू असताना फ्लू झाला तर रे सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो. अशा मुलाला इंजेक्शनची लस टाळायची नाही, उलट अगत्याने द्यायची.

गरोदर सुनेबरोबर सासूबाई आल्या की पहिला प्रश्न त्यांचाच असतो: "पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना?" त्यांना आम्ही सरळ सांगतो, "काकू, ही लस निष्क्रिय आहे, हिच्यातला विषाणू वाढू शकत नाही. ताप भरून न्यूमोनिया झाला तर मात्र आईलाही धोका आणि बाळालाही." गरोदरपणात हृदय आणि फुप्फुसांवर आधीच भार असतो, म्हणून फ्लू या बायकांना जास्त छळतो. लस कोणत्याही महिन्यात देता येते. आपल्याकडे बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ सातव्या महिन्याच्या आसपास द्यायला सांगतात, कारण आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं नाळेतून बाळाकडे जातात आणि ज्या पहिल्या सहा महिन्यांत त्याला लस देता येत नाही, तेव्हा ती कामाला येतात. पण चौथा महिना चालू असेल आणि बाहेर पाऊस सुरू होत असेल तर सातव्याची वाट पाहू नये. धनुर्वाताचं किंवा टीडॅपचं (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याविरुद्धचं) इंजेक्शन त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर चालतं. स्तनपान देणाऱ्या आईलाही लस चालते. महाराष्ट्रात राज्य सरकारने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांसाठी ही लस मोफत देण्याचा कार्यक्रम राबवला आहे. खर्चाची अडचण असेल तर आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात साठा आहे का हे विचारून यावं.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी उत्तर इतकं सरळ नाही. वय वाढलं की तीच लस कमी प्रतिद्रव्यं तयार करते. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. परदेशात ज्येष्ठांसाठी ६० मायक्रोग्रॅमची, म्हणजे चौपट मात्रेची लस असते. शिवाय प्रतिसाद वाढवणारा स्क्वॅलीन तेलाचा सहायक घटक मिसळलेली एक लस आहे, आणि अंड्याशिवाय जनुकतंत्राने बनवलेली, ४५ मायक्रोग्रॅमची तिसरी. चौपट मात्रेच्या लसीची ६५ वर्षांवरच्या ३१,९८९ लोकांवर चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ती फ्लू टाळण्यात नेहमीच्या लसीपेक्षा सुमारे २४ टक्के सरस ठरली. अमेरिकेत २०२२ पासून ६५ च्या पुढे या तिन्हींपैकी एक द्यावी, नसेल तर नेहमीची द्यावी, असा सल्ला आहे. त्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा, कारण आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत नेहमीच्या मात्रेचीच लस असते. चौपट मात्रा हवी म्हणून नेहमीच्या लसीचे दोन-चार डोस एकदम मागणारे येतात. तसं करत नाहीत. आजोबांना नेहमीची एक मात्रा, पण वेळेवर. ज्येष्ठांमध्ये लसीचा जोर काही महिन्यांत ओसरू लागतो, त्यामुळे फेब्रुवारीतच उरकून टाकली तर ऑगस्टमध्ये ती थकलेली असते. एप्रिलअखेर ते मेचा शेवट हा त्यांचा काळ.

हृदयविकार असलेले काही जण "अँजिओप्लास्टी झाली आहे, लस झेपेल का?" असं विचारतात. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. झेपणं कठीण जातं ते फ्लूचं. मधुमेह, दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), मूत्रपिंडाचा आजार, यांपैकी काहीही असेल तर निष्क्रिय लसीचं इंजेक्शन घ्यायचं आणि चालू गोळ्या चालूच ठेवायच्या.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांबाबत दोन गोष्टी पाहायच्या: लस निष्क्रियच हवी आणि वेळ साधायला हवी. केमोथेरपी सुरू होणार असेल तर शक्यतो दोन आठवडे आधी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर आजार आटोक्यात असल्यास फ्लूची लस घेतल्यानंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला संधिवाततज्ज्ञ सांगतात, म्हणजे लसीला प्रतिसाद चांगला येतो. हे ठरवायचं त्यांनीच. रुग्णाने आपल्या मनाने गोळी बंद केली की सांधे सुजून येतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तर लसीसाठी म्हणून एकदम बंद करायचंच नाही. अशा माणसाला लस थोडी कमी लागू पडते, म्हणून त्याच्या घरच्यांनीही घ्यावी असं आम्ही आग्रहाने सांगतो.

अंड्याची ॲलर्जी आता अडसर राहिलेली नाही. बहुतेक लसी अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनतात, पण त्यांत उरलेलं अंड्याचं प्रथिन इतकं थोडं असतं की अमेरिकेच्या २०२३-२४ च्या मार्गदर्शनापासून अंड्याच्या ॲलर्जीसाठी वेगळी खबरदारी सांगितलेली नाही. कोणत्याही लसीनंतर ठेवायची तयारी, म्हणजे हाताशी ॲड्रिनॅलिन आणि पंधरा मिनिटं देखरेख, ती सगळ्यांसाठीच असते. आधीच्या फ्लू लसीनेच तीव्र ॲलर्जी आली असेल तर मात्र थांबायचं आणि ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवायचं. आधीच्या फ्लू लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गियां-बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणारा विकार) झाला असेल तरी सहसा देत नाही. साधं सर्दी-पडसं असेल तर द्यायची. अंगात चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचं.

टोचताना होणाऱ्या चुकाही लस वाया घालवतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. मेडिकलमधून घेऊन येणारे लोक ती बर्फाला चिकटवून आणतात, त्यात ती गोठते. गोठलेली लस वितळल्यावर दिसायला ठीक दिसते, पण टाकून द्यावी लागते. आइसपॅक आणि खोका यांच्यात कागदाची किंवा कापडाची घडी हवी. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायची वेळ आलीच तर दारात किंवा फ्रीझरखाली नको, मधल्या कप्प्यात ठेवावी. देण्याआधी सिरिंज हलवायची. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मोठ्यांना दंडावर, खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली. त्याहून वर टोचलं की सुई सांध्यात जाते आणि खांदा कित्येक आठवडे दुखतो. त्यासाठी बाही नुसती ओढून चालत नाही, दंड पूर्ण उघडा करावा लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई वापरायची आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरायचं. डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला (फिस्टुला असलेला) हात वर्ज्य. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसरा हात घ्यायचा. दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण, एवढं होतं. निष्क्रिय लसीने फ्लू होत नाही.

कार्डावर नुसतं 'फ्लू' लिहून चालत नाही. लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत, हंगाम, कोणता हात, तारीख, आणि मुलाच्या बाबतीत पहिला डोस की दुसरा, हे सगळं लागतं. मोबाइलमध्ये खोक्याचा फोटो काढून ठेवला तरी पुढच्या वर्षी काम होतं.

परदेशातल्या मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी हीच नोंद बरोबर न्यावी. मेमध्ये इथे लस घेतली आणि ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीला चालले, तर तिथला फ्लूचा हंगाम नुकता सुरू होणार असतो आणि मेच्या लसीचा जोर उतरलेला असतो. तिथे गेल्यावर तिथली नव्या हंगामाची लस घेता येते. आधीच्या डोसपासून चार आठवडे झालेले असले की पुरे, आणि ६५ च्या पुढे असाल तर फार्मसीत चौपट मात्रेची आवर्जून मागावी. ब्रिटनमध्ये शाळेत मुलांना नाकातली लस देतात. तिच्यात डुकरापासून मिळणारं जिलेटिन असतं, ते नको असेल तर पालकांनी संमतीपत्रावर तसं लिहून इंजेक्शन मागावं, ते मिळतं. उलट बाजूने, उन्हाळी सुट्टीत जून-जुलैमध्ये इकडे येणारी नातवंडं बहुधा मागच्या ऑक्टोबरची लस घेऊन आलेली असतात. तिकडचा त्या हंगामाचा साठा साधारण जूनअखेर मुदतबाह्य होतो, म्हणून निघण्याआधी तिथे लस मिळणं अवघड. त्यांना उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात इथली चालू वर्षाची लस द्यावी, आणि नऊ वर्षांच्या आतल्या मुलाचे आधीचे दोन डोस झालेत का हे तिकडच्या कार्डावर आधी पाहून घ्यावं.